फुकटच्या मालाचा जमाखर्च

व्हिडिओ कॅसेटपासून टेलिग्रामपर्यंत : चित्रपटांच्या चोरीची वाटचाल आणि व्यापारी घरांपुढील प्रश्न

बाजारपेठेत बसणाऱ्या माणसाला ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ नीट ठाऊक असतो. कांद्याचा भाव कोसळला तरी हमाली, तोलाई, बारदान आणि गाडीभाडे कोणाच्या ना कोणाच्या खात्यावर पडतेच. उद्या एखादा अनोळखी इसम दुकानात येऊन भारी माल विनामूल्य वाटू लागला, तर वैजापूरच्या पेठेतील कोणताही व्यापारी त्याला आधी विचारील, ‘हा माल आला कोठून?’ आणि लगोलग दुसरा प्रश्न येईल, ‘यात तुमचा फायदा काय?’

चित्रपटाच्या बाबतीत मात्र हे दोन्ही प्रश्न त्याच घरात कोणी विचारीत नाही. शुक्रवारी प्रदर्शित झालेला चित्रपट शनिवारी रात्री मोबाइलवरील एखाद्या समूहात येऊन पडतो, जेवणे आटोपल्यावर तो दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडला जातो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर तो पाहते. वजनात एक तोळा इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या घरात हे घडते, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनालाही शिवत नाही. असे का होते हे समजण्यासाठी माल गावात पोहोचण्याच्या वाटा कशा बदलत गेल्या, ते पाहावे लागते.

उशिरा पोहोचणारा माल

मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला आणि रोटेगाव स्थानकामुळे वैजापूर दूरच्या बाजारपेठांना जोडले गेले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. तोही वैजापूर तालुक्यातूनच जातो. या दोन घटनांच्या मध्ये आणखी एक वाट गावोगाव पोहोचली, ती म्हणजे स्वस्त इंटरनेटची. रेल्वे आणि महामार्ग यांवरून येणाऱ्या मालाला पावती असते. या तिसऱ्या वाटेवरून येणाऱ्या बऱ्याच मालाला ती नसते.

चित्रपट हा मूळचा फार अवजड माल होता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. त्यानंतर जवळजवळ ९० वर्षे चित्रपट म्हणजे डब्यांत भरलेली फिल्मची रिळे, असेच समीकरण होते. एक प्रत काढण्याचा खर्च मोठा असल्याने प्रती मोजक्याच निघत. त्या आधी मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहांत लागत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि शेवटी घासलेल्या, मधेच तुटणाऱ्या अवस्थेत तालुक्याच्या गावी किंवा जत्रेतील तंबूत येत. शहरात ज्या चित्रपटाची चर्चा जुनी झाली, तो गावात नवा म्हणून लागे.

चोरीच्या व्यापाराचे बीज या उशिरात आहे. मागणी आहे आणि सचोटीचा माल पोहोचत नाही, अशी फट बाजारात पडली की चोरटा माल त्या फटीतून शिरतो. पेठेतील कोणत्याही जाणत्या माणसाला हा नियम नव्याने सांगावा लागत नाही.

कॅसेट आणि चकती

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओ कॅसेट घराघरांत शिरली. व्हीसीआर विकत घेणे थोड्यांनाच परवडे; पण तो एका रात्रीपुरता भाड्याने मिळे. वाड्यातील सारी बिऱ्हाडे जमत आणि पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहून होत. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला निघत. प्रत्येक नकलेत चित्र थोडे पुसट होई, आवाज थोडा खरखरीत होई. चोरीच्या मालाला ती एक नैसर्गिक मर्यादा होती.

सरकारने १९८४ साली प्रताधिकार कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, दुरुस्ती केली ती या कॅसेटमुळेच. व्हिडिओ फिल्म कायद्याच्या कक्षेत आली आणि प्रत्येक कॅसेटवर निर्मात्याचे नाव व परवानगीचा तपशील छापणे बंधनकारक झाले.

वैजापूरहून फार लांब नसलेल्या मालेगावात याच काळाने एक वेगळे फळ धरले. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख वेगवेगळ्या चित्रपटांचे तुकडे कापून-जोडून प्रेक्षकांना दाखवीत. पुढे त्यांनी यंत्रमाग कामगारांच्या त्या गावातच हौशी मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा स्वतःचा चित्रपट केला. २००८ साली त्यांच्या धडपडीवर फैझा अहमद खान यांचा माहितीपट आला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा चित्रपटही प्रदर्शित झाला. नकलेच्या धंद्यातून एक माणूस निर्मितीकडे वळला; पण बहुतेक जण नकलेतच राहिले.

नव्वदीच्या दशकात व्हीसीडीची चकती आली. एका चकतीवर साधारण सव्वा तासाचे चित्रण मावे. म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांवर येई. कॅसेटपेक्षा चकती वेगळी होती ती एका मोठ्या गोष्टीत. तिच्यावरील चित्र अंकांच्या रूपात साठविलेले असल्याने शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघे. पुसट होत जाण्याची जुनी मर्यादा संपली. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या पिशवीत चकत्या विकणारे फिरू लागले आणि पोलिसांचे छापेही सुरू झाले. महाराष्ट्राने तर २००९ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्या स्थानबद्धतेसाठी १९८१ साली केलेल्या कायद्याच्या शीर्षकातच ‘व्हिडिओ पायरेट्स’ हे शब्द घातले. याच कायद्यात २०१५ साली जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारेही समाविष्ट झाले. राज्याच्या दृष्टीने धान्याचा काळाबाजारवाला आणि चित्रपटांचा चोर हे आज एका यादीत बसतात.

गोदामावाचूनचा व्यापार

चकतीलाही निदान एक देह होता. ती कोठेतरी छापली जाई, पोत्यात भरली जाई, पोलिसांच्या हाती सापडे. इंटरनेटने तो देहही काढून घेतला.

१९९९ साली अमेरिकेतील शॉन फॅनिंग या विशीही न गाठलेल्या तरुणाने नॅपस्टर नावाची व्यवस्था उभारली. तीत गाणी ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहत. कोणाकडे काय आहे याची सूची मात्र नॅपस्टरच्या मध्यवर्ती संगणकावर असे. एखाद्या दलालाने माल स्वतःकडे न ठेवता केवळ ‘अमक्याकडे तमका माल आहे’ एवढे सांगावे, तसा हा प्रकार होता. दलालाचा पत्ता ठाऊक असल्याने संगीत कंपन्यांनी त्यालाच न्यायालयात खेचले आणि २००१ साली नॅपस्टर बंद पडले.

त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने बिटटोरंटची पद्धत जगापुढे मांडली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. समजा, एका जाड पोथीच्या नकला करावयाच्या आहेत आणि शंभर लेखनिक बसले आहेत. सर्वांनी एकाच मूळ पोथीभोवती गर्दी केली तर काम वर्षभर चालेल. त्याऐवजी पोथीची पाने सुटी करून प्रत्येकाला वेगवेगळी दिली आणि ज्याचे जे पान लिहून झाले ते त्याने शेजाऱ्याला उतरवून घेऊ दिले, तर थोड्याच वेळात शंभर पोथ्या पूर्ण होतील. बिटटोरंट हेच करते. मोठ्या फायलीचे हजारो लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला गणिताने काढलेली एक खूण असते आणि तुकडा बरोबर आला की नाही हे तिच्यावरून तपासता येते. जितके घेणारे अधिक, तितका वेग अधिक.

ही पद्धत स्वतः निर्दोष आहे. मोफत वाटावयाची संगणक प्रणाली, शास्त्रीय माहितीचे साठे असे कितीतरी उपयोगी साहित्य आजही तिच्यातून जगभर जाते. पण तिच्यात एक मेख आहे, जी घरातल्या तरुणांनी ध्यानात ठेवावी. येथे घेणारा त्याच क्षणी देणाराही असतो. ज्याला वाटते की आपण केवळ एक चित्रपट उतरवून घेतला, त्याच्या संगणकाने तेवढ्या वेळात तो चित्रपट अनेक अनोळखी लोकांना वाटलेलाही असतो. ग्राहक आणि किरकोळ विक्रेता यांच्यातील भिंतच येथे उरत नाही.

२००३ साली स्वीडनमध्ये द पायरेट बे हे संकेतस्थळ सुरू झाले. २००९ साली स्टॉकहोमच्या न्यायालयाने त्याच्या चालकांना दोषी ठरविले, तरी त्याची प्रतिरूपे निरनिराळ्या नावांनी येतच राहिली. मग मोठ्या फायली ठेवून घेणारी साठवणस्थळे आली. त्यांतील मेगाअपलोड हे बडे स्थळ अमेरिकेने जानेवारी २०१२ मध्ये बंद पाडले. त्यानंतर फाइल उतरवून न घेता थेट पाहण्याची सोय देणारी स्थळे आली आणि शेवटी टेलिग्रामसारख्या संदेशवाहक ॲपमधील वाहिन्या. आपल्याकडच्या लहान गावांत मधला एक टप्पा निराळाच होता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी व पिक्चर भरून मिळतील’ अशी पाटी झळके. दुकानदार रात्री शहरातून किंवा इंटरनेटवरून साठा आणी आणि दिवसा तो नखाएवढ्या कार्डांत भरून देई. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांच्यापर्यंत इंटरनेटवरील चोरी अशी हातोहात पोहोचली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, माहितीचे दर कोसळले आणि त्या पाटीची गरज संपली. प्रत्येक घरच आता स्वतःचे कार्ड भरू लागले.

२०१६ चे वर्ष

महाराष्ट्राच्या दृष्टीने ते वर्ष आणखीही कारणांनी लक्षात राहण्यासारखे आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. मराठी चित्रपटाला एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. चित्रपटगृहांबाहेर रांगा लागलेल्या असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागल्या. ‘सैराट’ इतका मोठा होता की हा घाव त्याला झेपला. ज्या लहान मराठी चित्रपटाला जेमतेम दोन आठवडे पडदा मिळतो आणि त्या दोन आठवड्यांतच भांडवल वसूल करावे लागते, त्याला तसाच घाव बसला तर पुढचा चित्रपट होतच नाही. त्यातील प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, ध्वनिमुद्रक यांची रोजी त्या न झालेल्या चित्रपटाबरोबर जाते आणि तिची नोंद कोठेही होत नाही.

जून महिन्यात ‘उडता पंजाब’ १७ तारखेच्या प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर आला. फुटलेल्या प्रतीवर ‘फॉर सेन्सॉर’ अशी अक्षरे होती. पुढच्याच महिन्यात ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ फुटला आणि निर्मात्यांना प्रदर्शनाची २२ जुलै ही तारीख अलीकडे ओढून १५ जुलै करावी लागली. प्रेक्षागृहात कॅमेरा लपवून नेणारा भुरटा चोर सर्वांना ठाऊक होता. आता मालाला पाय फुटत होते ते गोदामातूनच, ज्याच्या हाती विश्वासाने किल्ली दिली त्याच्याकडून. मुनीमाने तिजोरी फोडावी, तशी ही गोष्ट.

त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे अशी प्रकरणे आली. अज्ञात चोरांविरुद्ध आधीच मनाई हुकूम मागण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. इंग्रजी न्यायपरंपरेत अशा अज्ञाताला ‘जॉन डो’ म्हणतात, भारतात त्यालाच ‘अशोक कुमार’ हे नाव मिळाले. ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या वेळी न्यायमूर्तींनी शेकडो संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला. कोणत्या दुव्यावर चोरीचा माल आहे हे पडताळून दाखवा, संपूर्ण स्थळच अवैध असेल तर तसा पुरावा द्या, अशी त्यांची भूमिका होती. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या त्या वेळी बंद केलेल्या पानावर ‘हे पाहणेही गुन्हा आहे’ अशा अर्थाची सूचना झळकवीत होत्या. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तीही दुरुस्त करविली. गुन्हा आहे तो प्रत काढणे, वाटणे, जाहीरपणे दाखविणे यांत. नुसते पाहणे हा त्या कलमांतील गुन्हा नव्हे.

ही सूक्ष्म रेघ व्यापारी कुटुंबांनी नीट ओळखावी. पाहणाऱ्याला तुरुंगाची भीती नाही, हे खरे. पण टोरंटमधून उतरविणारा वाटणाराही होतो, आणि कुटुंबाच्या समूहावर दुवा पुढे ढकलणाराही वाटपाच्या साखळीत पाऊल टाकतो. बसमध्ये, मंगल कार्यालयात, ग्राहक बसविण्यासाठी दुकानातल्या पडद्यावर चोरीचा चित्रपट लावणे हे तर उघड प्रदर्शनच आहे.

कायद्याचा आकडा

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी स्पष्ट केले. २०२३ साली संसदेने चलच्चित्र कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटगृहात परवानगीवाचून चित्रण करणे व अशी प्रत दाखविणे यांसाठी किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास, दंड किमान तीन लाख रुपये आणि तो चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने तक्रारी घेऊन चोरटे दुवे हटविण्यासाठी विशेष अधिकारी नेमले. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ साली, राज्याच्या सायबर विभागात बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पथक उभारले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये एक नवा उपाय काढला. बंद केलेले स्थळ नाव बदलून पुन्हा अवतरले तर प्रत्येक वेळी नवा दावा लावण्याची गरज राहिली नाही; जुनाच हुकूम नव्या नावाला लागू होतो.

एक कलम मात्र थेट पेढीच्या टेबलावर येते. कलम ६३-ब संगणक प्रणालीविषयी आहे. चोरीची प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. घरगुती वापर असेल तर न्यायालय कारावास माफ करू शकते. धंद्यासाठी वापर असेल तर ती सवलत नाही. जीएसटीचा हिशेब चोरीच्या सॉफ्टवेअरवर ठेवणाऱ्या दुकानदाराने चित्रपटाच्या आधी आपल्या संगणकाकडे पाहावे, हे उत्तम.

नफा कोणाच्या खात्यावर?

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न. फुकट वाटणाऱ्याचा फायदा कशात?

अर्न्स्ट अँड यंग आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील चोरट्या मनोरंजनाची २०२३ ची उलाढाल २२,४०० कोटी रुपये धरली आहे. त्यातील १३,७०० कोटी चित्रपटगृहांतील चोरीतून आणि ८,७०० कोटी ओटीटीवरील चोरीतून. माध्यमांचा उपभोग घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक चोरटा माल पाहतात, असेही तो सांगतो. हे आकडे उद्योगाच्या बाजूने काढलेले आहेत आणि फुकट पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढून गेलाच असता असे नाही, हे मान्य करूनही मालाचा आकार छोटा राहत नाही.

पैसा येतो तो मुख्यतः जाहिरातींतून, आणि प्रतिष्ठित कंपन्या अशा ठिकाणी जाहिरात देत नाहीत. मग उरतात ते सट्टा-जुगाराचे ॲप, अश्लील स्थळे आणि फसवे कर्जदार. प्रेक्षागृहात चोरून चित्रित केलेल्या प्रतींवर सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावे कोपऱ्यात चिकटविलेली असतात, हे ज्याने एकदा पाहिले त्याला अधिक पुरावा नको. चित्रपट हे येथे आमिष आहे. विकला जातो तो पाहणारा. त्याशिवाय ‘हे ॲप घेतल्यास सर्व चित्रपट मोफत’ म्हणून जी फाइल मोबाइलमध्ये उतरविली जाते, तिच्याबरोबर संदेश वाचणारी, बँकेचा ओटीपी चोरणारी प्रणाली आत येऊ शकते. ज्या मोबाइलवर दिवसभराच्या विक्रीचे यूपीआय जमा होते, त्याच मोबाइलवर रात्री नातू असा चित्रपट लावतो.

ज्या घरांत सप्तव्यसनांच्या त्यागाचा संस्कार लहानपणीच होतो, त्या घरांनी हा जमाखर्च मांडून पाहावा. जुगार आणि चोरी ही सातांपैकी दोन व्यसने. फुकटच्या चित्रपटाच्या एकाच पानावर ती दोन्ही हातात हात घालून बसलेली असतात.

पुण्याची नक्कल आणि पापाची नक्कल

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो. ज्या परंपरेने शास्त्राच्या नकला करून वाटणे हे दान मानले, ज्ञानपंचमी आणि श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा केली, भांडारे उभी केली, त्या परंपरेने नकलेला चोरी का म्हणावे?

आक्षेपाला इतिहासाचे बळही आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके दक्षिणेतील मूडबिद्री येथेच होत्या. दर्शन होई, वाचन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांनी खटपट करून त्यांच्या नकला करविण्यास आरंभ केला. नकला झाल्या, पण त्याही मूडबिद्रीतच राहावयाच्या होत्या. त्या कामावरील पंडित गजपती उपाध्याय यांनी गुप्तपणे आणखी एक प्रत केली. ती सहारनपूरला गेली आणि तेथून पुढे तिच्या प्रती पसरल्या. १९३९ साली अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड छापून प्रसिद्ध झाला. आज जो ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आहे, त्याच्या वाटेत एक नियम मोडून केलेली नक्कल आहे. ती बाब लपविण्याचे कारण नाही, आणि तिचे सोपे समर्थनही करू नये.

पण दोन नकलांतील भेद तीन ठिकाणी दिसतो. पहिला, कर्त्याचे काय गेले? आचार्यांनी ग्रंथ रचला तो मोबदल्याविना आणि सर्वांच्या कल्याणासाठी. नकलेने कोणाच्या ताटातील भाकरी गेली नाही. दुसरा, नक्कल न झाल्यास काय झाले असते? ताडपत्रे झिजत होती. चित्रपटांतही असे घडले आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, आज पूर्णपणे नष्ट झाला आहे आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. प्रती पुरेशा असत्या तर हे घडते ना. म्हणूनच १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिसरा, वाटणाऱ्याला काय मिळाले? तेथे शास्त्रदान होते, येथे सट्ट्याची जाहिरात.

कायद्यालाही हा भेद मान्य आहे. चित्रपटावरील हक्क कायमचा नसतो. प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. त्यानंतर ती कृती साऱ्या समाजाची होते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि १९५३ चा ‘श्यामची आई’ आज या न्यायाने सर्वांचे आहेत. ते मुलांना दाखविण्यात कोणाचाही अपराध होत नाही. कर्त्याला त्याचे श्रमफल घेऊ द्यावे आणि मग ज्ञान मोकळे व्हावे, असा हा मध्यम मार्ग आहे.

हा मार्ग श्रावकाला परका वाटू नये. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, ते जणू पेढीवर बसणाऱ्यांसाठीच आहेत. खोट्या वजनमापांचा उल्लेख सर्वांना आठवतो. पण त्याच्याबरोबर तदाहृतादान आहे, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे; स्तेनप्रयोग आहे, म्हणजे चोरीला उत्तेजन देणे; आणि प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल चालविणे. पाहणाऱ्याला कायदा सोडतो, पण व्रत सोडत नाही. प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताची आलोचना करताना ज्याच्या मनात केवळ दुकानातील तराजू येतो, त्याने खिशातील मोबाइलही त्या आलोचनेत घ्यावा.

फट बुजविण्याचे काम

नुसत्या उपदेशाने बाजार बदलत नाही. चोरीला जन्म देणारा उशीर आता बराच कमी झाला आहे. २००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रपटगृहात पोहोचविण्याची व्यवस्था भारतात सुरू झाली आणि रिळांची वाट पाहणे संपले. आजच्या अंकीय प्रती कुलूपबंद असतात. ठरलेल्या पडद्यासाठी आणि ठरलेल्या कालावधीसाठीच त्यांची किल्ली दिली जाते. पडद्यावरील चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूणही असते, तिच्यावरून कोणत्या चित्रपटगृहात कोणत्या वेळी चोरी झाली ते उलगडते. मात्र तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद होत गेली, शहरातील बहुपडद्यांची तिकिटे सहा माणसांच्या कुटुंबाला जड वाटतात, आणि चित्रपट चार-पाच निरनिराळ्या ओटीटी सेवांत विखुरलेले असतात. ही नवी फट आहे. ती बुजविण्याचे काम चित्रपटसृष्टीचे आहे. स्वस्त आणि सोयीचा खरा माल हाच खोट्या मालावरचा सर्वांत जुना उपाय आहे.

घराचे काम त्याहून लहान आहे आणि आजच होण्यासारखे आहे. व्यवहाराचा मोबाइल आणि मनोरंजनाचा मोबाइल वेगळा ठेवावा. अनोळखी फाइल उतरवू नये. एखादी ओटीटी सेवा कुटुंबाच्या पैशाने रीतसर घ्यावी, आणि ती घेताना मुलांना समोर बसवून सांगावे की हे पैसे कोणाकोणाला जातात. दूरदर्शनच्या मोफत वाहिन्या आणि निर्मात्यांनी स्वतः यूट्यूबवर ठेवलेले जुने चित्रपट यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आणि समूहावर दुवा आलाच, तर तो पुढे न पाठविता तेथेच थांबवावा. उधारीच्या वहीत ज्याचे नाव नाही अशा माणसाचेही देणे लागू शकते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला दुकानात बसण्याआधी कळले, तर पुढे त्याला सचोटी वेगळी शिकवावी लागणार नाही.